हंगामी हात : वर्धा जिल्ह्यातील जखमी कारागिरांच्या परतीचा इतिहास

वर्धा जिल्ह्याचा इतिहास म्हटला की सेवाग्राम, पवनार, बजाजवाडी ही नावे डोळ्यांपुढे येतात. ती यावीतच. पण याच जिल्ह्यात कापसाचा एक वेगळा इतिहास आहे. जिनाचा भोंगा, सरकीचा वास, पट्ट्यांची घरघर, गाठी वाहणाऱ्या गाड्या आणि त्या साऱ्यामध्ये वावरणारे मिस्त्री, फिटर, हमाल यांचा तो इतिहास आहे. त्यात मुसलमान कारागिरांचा वाटा थोडा नाही. या मोठ्या इतिहासातला एकच प्रश्न आम्ही येथे हाती घेतला आहे. यंत्रावर काम करणाऱ्याचा हात यंत्रातच सापडला आणि तो वर्ष-दोन वर्षे घरी बसला, तर बरा झाल्यावर त्याला आपल्या धंद्यावर परत जाण्याची वाट होती काय? कायद्याने ती ठेवली होती काय? समाजाने ठेवली होती काय?

हा प्रश्न आम्हाला पुस्तकातून सुचलेला नाही. आमचे मामू हिंगणघाटला एका जिनिंगमध्ये फिटर होते. रोलर आणि चाकू यांच्यामधले अंतर ते बोटाने चाचपून सांगत. १९९९च्या हंगामात त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. त्यानंतर चार हंगाम ते घरी होते. दिवाळीनंतर जिनाचा भोंगा वाजू लागला की मामू अंगणातली खाट उचलून आत घेत आणि दार लोटून घेत. आम्ही तेव्हा मोठे होतो, शिकलेले होतो, तरी त्यांनी दार का लोटले हे विचारायचे आम्हाला कधी सुचले नाही. कारखान्याने दवाखान्याचा खर्च दिला, वर काही रक्कम दिली. कागद मात्र काही झाला नाही. "हंगामी माणसाचा कसला कागद?" असे मामूच म्हणत. त्यांच्या तोंडचा 'हंगामी' हा शब्द आमच्या मनात रुतून बसला. पुढे कायद्याची पुस्तके चाळताना तोच शब्द पुन्हा पुन्हा समोर येत गेला.

कापूस, रेल्वे आणि कारखाना

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. पालकवाडी या खेड्याच्या जागी १८६६ मध्ये वर्धा शहर वसवले गेले आणि १८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग पुलगाव, वर्धा करीत नागपूरला पोहोचला. हा काळ कापसाच्या तेजीचा होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाड व मध्यप्रांताकडे वळली. हिंगणघाटचा कापूस आधीच नावाजलेला होता. आता त्यासाठी सरकारने खास कापूस आयुक्त नेमला.

कापसापासून सरकी वेगळी करण्याचे काम पूर्वी घराघरांत हातरेच्यावर होत असे आणि ते बहुधा बाया करीत. रुई पिंजण्याचे काम पिंजाऱ्यांचे. आपल्याकडे नदाफ, मन्सुरी अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या बिरादरीच्या खांद्यावर धनुकली असे आणि गावोगाव तिचा आवाज ओळखीचा असे. धनुकलीच्या तातीने बोट कापले जाई, रुईची धूळ छातीत जाई, पण हात तुटत नसे. बोटाला चिंधी बांधून माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा बसे. काम त्याच्या चालीने चाले.

वाफेच्या बळावर चालणारे जिन आले आणि ही चाल मोडली. आता माणसाला यंत्राच्या चालीने चालावे लागले. जिनात एका लांब शाफ्टवर अनेक पट्टे आणि त्या पट्ट्यांवर रेचे फिरत. एका रेच्यात काही अडकले तरी शाफ्ट थांबत नसे. चामड्याच्या चकत्यांचा रोलर कापूस ओढून घेई आणि कापूस ओढणारा रोलर सदऱ्याची बाही, ओढणीचे टोक आणि बोटही ओढून घेई. १८८०च्या दशकाच्या आरंभी हिंगणघाटात कापडगिरणी उभी राहिली आणि शतक संपण्यापूर्वी पुलगावातही गिरणी आली. वर्षभर चालणारी गिरणी आणि हंगामापुरते चालणारे जिन असे दोन प्रकारचे कारखाने जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदू लागले. दोन्हीकडची बोटे सारखीच कापली जात होती. कायद्याने मात्र त्यांच्यात भेद केला.

चार महिन्यांची अट

हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ सालचा. यंत्राला कुंपण घालावे, अपघाताची खबर द्यावी, मुलांच्या कामाचे तास मर्यादित असावेत, असे त्यात होते. पण कारखाना म्हणजे काय, याची व्याख्या अशी केली होती की तेथे शंभर माणसे कामाला हवीत आणि तो वर्षातून किमान चार महिने चालणारा हवा. वऱ्हाड-वर्ध्याकडील अनेक जिने या शेवटच्या अटीमुळेच कायद्याच्या बाहेर राहिली. १८९१ मध्ये शंभराची संख्या पन्नासवर आली, तरी चार महिन्यांची अट राहिलीच. वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११च्या कायद्याने. म्हणजे पहिली तीस वर्षे अशा जिनात हात गेलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने कारखान्यात नव्हताच!

याच काळात शेजारच्या नागपुरात एक वेगळे उदाहरण घडत होते. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी मेहता. या गिरणीने १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई देण्यास सुरुवात केली. सरकारी कायदा यायला त्यानंतर आणखी २८ वर्षे लागली. मनात आणले तर मालक काय करू शकतो, हे यातून दिसते आणि कायदा नसला की सारे मालकाच्या मनावर राहते, हेही दिसते.

१९३४च्या कारखाना कायद्यात 'हंगामी' हा शब्द ठळकपणे आला. वर्षभराच्या कारखान्यात आठवड्याला ५४ तास काम आणि हंगामी कारखान्यात ६० तास. दिवसाचे अनुक्रमे दहा आणि अकरा. हंगाम थोडा म्हणून काम जास्त, असा हिशेब. पण शेवटच्या तासांत थकलेला हातच रोलरमध्ये जातो, हे जिनात काम केलेल्या कोणालाही विचारावे. १९४८च्या कारखाना कायद्याने हा भेद काढून टाकला. फिरत्या यंत्राजवळ फक्त शिकवून तयार केलेला प्रौढ पुरुषच, तोही अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून काम करील, असा नियम त्यात होता. कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारे यंत्र चालू असलेल्या भागात बाया व मुलांना ठेवू नये, असेही एक स्वतंत्र कलम होते. कायदे करणाऱ्यांना कापसाच्या यंत्राची भीती ठाऊक होती, एवढे यावरून कळते.

बोटांची किंमत

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. त्याची पहिली अनुसूची हा मोठा विचार करायला लावणारा दस्तऐवज आहे. माणसाच्या शरीराचा एकेक अवयव घेऊन, तो गेला तर कमावण्याची ताकद किती टक्के गेली, याचा तक्ता त्यात दिला आहे. एका हाताचा अंगठा गेला तर ३० टक्के. पहिले बोट पूर्ण गेले तर १४, मधले गेले तर १२. एका हाताची दोन बोटे गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. दोन्ही हात गेले तर १००.

आपल्या परंपरेतही बोटांचा हिशेब आहे. फिक्हच्या ग्रंथांत दियतीचे प्रकरण असते. पूर्ण जीवाची दियत शंभर उंट, एका हाताची पन्नास आणि प्रत्येक बोटाची दहा. अंगठा आणि करंगळी यांत फरक करू नये, अशी हदीस इब्ने अब्बास (र.) यांच्याकडून आलेली आहे. इमाम शाफई यांनी नोंदवले आहे की हजरत उमर (र.) यांनी आरंभी अंगठ्याला जास्त आणि करंगळीला कमी असा निवाडा दिला होता. अम्र इब्ने हज्म यांच्या घराण्याकडील पत्रात प्रत्येक बोटाला दहा उंट असे लिहिलेले आढळल्यावर लोकांनी तोच निवाडा मान्य केला. इंग्रजांचा तक्ता बोटाच्या उपयोगावर उभा आहे आणि आपला हिशेब माणसाच्या शरीराच्या हुरमतीवर. दोन्हींच्या मागे आपापला विचार आहे. आम्हाला यात लहानमोठे करायचे नाही.

पण दोन्ही हिशेबांत एक प्रश्न उरतोच. हे बोट कोणाचे? मधले बोट गेलेला चौकीदार दुसऱ्या दिवशी चौकीवर बसू शकतो. शिंपी, घड्याळजी, फिटर यांचे तसे नसते. या प्रश्नाला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये उत्तर दिले. ओडिशातील एका चित्रपटगृहात काम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. मालकाचे म्हणणे होते की हे अंशतः अपंगत्व आहे. न्यायालयाने सांगितले की सुतारकाम एका हाताने होत नाही. म्हणून या माणसापुरते हे शंभर टक्के अपंगत्व आहे. जखम मोजताना धंदाही मोजला पाहिजे, हे तत्त्व त्या निकालाने घालून दिले. कारागिरांच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा आहे आणि तो आपल्या वस्त्यांत फारसा कोणाला ठाऊक नाही.

मात्र १९२३चा कायदा मूळचा पैशाचा कायदा होता. हात गेला, पैसे दिले, हिशेब मिटला. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरा दिवसांनी काही रक्कम देण्याची सोय त्यात होती, तीही जास्तीत जास्त पाच वर्षे. बरे झाल्यावर त्या माणसाला परत कामावर घ्या, असे या कायद्यात कोठेही नव्हते.

दत्तपूरचा धडा

परत येण्याचा विचार वर्धा जिल्ह्यात झाला तो कारखान्यात नव्हे, तर समाजाने गावाबाहेर काढलेल्या माणसांमध्ये झाला. वर्धा शहरालगत दत्तपूर येथे १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी विनोबांच्या प्रेरणेने कुष्ठधाम सुरू केले. हे काम तोवर बहुतेक ख्रिस्ती मिशनरी करीत. गांधीजींनी १९४५च्या आपल्या रचनात्मक कार्यक्रमाच्या पुस्तिकेत या कामाची मुद्दाम नोंद घेतली. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री १९३९ मध्ये सेवाग्रामला आले, गांधीजींनी स्वतः त्यांच्या जखमा धुतल्या. १९४५ मध्ये शास्त्रीजींचे निधन दत्तपूरलाच झाले. हिंगणघाटला १९१४ मध्ये जन्मलेले बाबा आमटे यांनी पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले, तेही याच वाटेवरचे.

दत्तपूरला आलेल्या माणसांना केवळ अन्न आणि औषध मिळाले नाही. त्यांना सूत कातणे, विणणे, शेती अशी कामे दिली गेली. आज हे साधे वाटते, पण त्या काळी कुष्ठरोग्याच्या हाताने काही काम होऊ शकते, हेच लोकांना पटत नव्हते. बोटे रोगाने झडतात, असाच समज होता.

हा समज खोटा ठरवला तो वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी. ब्रँड यांचा जन्म तामिळनाडूच्या डोंगराळ भागातला, १९१४चाच. डॉक्टर होण्यापूर्वी ते सुतारकाम व बांधकाम शिकले होते. त्यांनी पाहिले की बोटे रोगाने झडत नाहीत. रोगाने मज्जातंतू मरतात, वेदना कळेनाशी होते आणि मग गरम भांडे, खरबरीत दांडा, खिळा यांनी होणाऱ्या जखमा माणसाच्या लक्षात येत नाहीत. त्या जखमांनी बोटे जातात. म्हणजे हा रोग मुळात जखमांचा रोग होता. १९४८च्या सुमारास त्यांनी वाकड्या झालेल्या हातांवर स्नायुबंध बदलण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या आणि मिटलेले हात उघडले.

यानंतरची गोष्ट आमच्या विषयाला फार महत्त्वाची आहे. हात सुधारलेली काही माणसे डॉक्टरांकडे परत आली आणि तक्रार करू लागली की वाकडा हात पाहून लोक भीक तरी देत होते, आता भीकही मिळत नाही आणि कामही कोणी देत नाही. ब्रँड यांनी यातून धडा घेतला. १९५०च्या सुमारास त्यांनी वेल्लोरला एक केंद्र काढले, जेथे शस्त्रक्रिया झालेली माणसे सुतारकामासारखे धंदे शिकत. हत्यारांची मूठ बदलायची, हात रोज तपासायचा, जखम होण्याआधी ओळखायची, हे शिक्षण शस्त्रक्रियेइतकेच आवश्यक ठरले. हात बरा करणे हे अर्धेच काम आहे, उरलेले अर्धे काम म्हणजे त्याला धंद्यावर पोहोचवणे.

वर्ध्यात १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन स्थापन झाले. डॉ. वर्देकर यांनी तेथे सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी तिपेडी पद्धत बसवली आणि ती देशाने उचलली. १९८०च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचार देशात प्रथम ज्या जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत वर्धा होता. ज्या जिल्ह्याने बोटे गेलेल्या माणसाला काम देता येते हे देशाला दाखवले, त्याच जिल्ह्यातील जिनात बोटे गेलेल्या फिटरला मात्र घरी बसावे लागले. या विसंगतीने आम्ही बेचैन होतो.

उघडलेले दार आणि हंगामी माणूस

स्वातंत्र्यानंतर परतीचे दार कायद्याने प्रथम उघडले ते कर्मचारी राज्य विमा कायद्याने. कायदा १९४८चा, योजना सुरू झाली २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे. नागपुरात ती १९५४ मध्ये आली. या कायद्यात जखमी कामगाराला दवाखाना आहे, घरी असताना वेतनाचा मोठा हिस्सा आहे आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे आजाराचा किंवा तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळत असेपर्यंत मालकाने त्याला कामावरून काढू नये, असे स्पष्ट कलम आहे. नोकरीचा धागा तुटत नाही. बरा झालेला माणूस त्याच दारातून आत जाऊ शकतो.

पण हा कायदा लागू कोणाला? सर्व कारखान्यांना, 'हंगामी कारखाने सोडून'. आणि हंगामी कारखाना म्हणजे काय? व्याख्येत जी नावे दिली आहेत त्यांतले पहिलेच आहे कापसाचे जिनिंग. त्यापुढे कापूस व ताग दाबणे, भुईमूग फोडणे, मग कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, गूळ, चहा. ज्या वर्षी कारखाना कायद्याने हंगामी आणि बारमाही हा भेद पुसला, त्याच १९४८ साली विमा कायद्याने तो पुन्हा लिहून ठेवला. पुलगावच्या किंवा हिंगणघाटच्या गिरणीतला फिटर एकीकडे आणि त्याच गल्लीत राहणारा जिनाचा फिटर दुसरीकडे! दोघांची हत्यारे एक, जखम एक, मोहल्ला एक. एकाला परतीचे दार, दुसऱ्याला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. १९२३चा भरपाई कायदा आणि १९४८चा विमा कायदा हे दोन्ही सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले. आम्ही उत्सुकतेने व्याख्या पाहिली. विमा दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना, हंगामी कारखाने वगळून. यादीत कापसाचे जिनिंग आहेच. १८८१ साली सुरू झालेला हा शब्द जवळजवळ दीडशे वर्षांचा झाला, पण अजून निवृत्त झाला नाही.

अपंगांच्या हक्कांचा कायदाही येथे आठवला पाहिजे. १९९५च्या कायद्याच्या कलम ४७ मध्ये म्हटले होते की नोकरीत असताना अपंग झालेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकू नये, त्याची पायरी उतरवू नये. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे द्यावे. पाय गमावलेल्या एका जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हे कलम खंबीरपणे लागू केले. २०१६च्या नव्या कायद्यात कलम २० मध्ये तीच हमी आहे. पण ती सरकारी आस्थापनांपुरती. खासगी जिनाच्या फाटकाबाहेर ती थांबते.

जिल्ह्यातील मोठे अपघात आपण वर्तमानपत्रांत वाचले आहेत. ३१ मे २०१६ रोजी पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी त्याच परिसरात जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला. ३ फेब्रुवारी २०२१ रोजी भूगावच्या पोलाद कारखान्यात कितीतरी कामगार भाजले. मेलेल्यांची संख्या छापून येते, आणि ती यावी. जखमींची संख्याही पहिल्या दिवशी छापून येते. पण त्यांतले किती जण आपल्या कामावर परत गेले, ही बातमी कोठे छापून येत नाही.

मामूंची परत

चौथ्या हंगामानंतर मामू जिनात परत गेले. कोणी त्यांना बोलावले नव्हते. या मधल्या काळात कापसाच्या धंद्यात मोठा बदल झाला होता. फेब्रुवारी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्याच्या चौथ्या उपअभियानातून जिनिंग-प्रेसिंगच्या आधुनिकीकरणाला मदत मिळू लागली. डोक्यावरून वाहायची रुई आता हवेच्या नळांतून जाऊ लागली, लांब शाफ्ट गेले, रेच्यांना वेगवेगळ्या मोटारी आल्या, प्रेस आपोआप चालू लागली. मामू ज्या जिनातून जखमी होऊन बाहेर पडले ते जिन आता राहिलेच नव्हते. लांब रजेवरून परतणाऱ्या प्रत्येक कारागिरापुढे ही दुहेरी अडचण असते. आपला हात बदललेला असतो आणि यंत्रही बदललेले असते.

पहिले काही दिवस त्यांना दारावर बसवले. मग एकदा नवा रेचा रुईत सरकी सोडू लागला आणि तरुण फिटरला कारण सापडेना. मामू उठून गेले, यंत्राला कान लावला आणि कोणत्या बाजूचा चाकू सरकला आहे ते सांगितले. त्या दिवसापासून मोहल्ल्यातला एक पोरगा त्यांच्या हाताखाली दिला गेला. पाना तो फिरवी, किती फिरवायचा ते मामू सांगत. "हाथ इसके, अंदाज़ा मेरा," असे ते हसून म्हणत. पगार पूर्वीपेक्षा कमीच होता. पण दिवाळीनंतर भोंगा वाजला की दार लोटणे बंद झाले.

येथे वर्ध्याचीच एक आठवण सांगितली पाहिजे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला राष्ट्रीय शिक्षण परिषद झाली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे डॉ. झाकिर हुसेन आणि सदस्यांत ख्वाजा गुलामुस सय्यदैन होते. हाताच्या कामातून मुलाचे सारे शिक्षण व्हावे, हा नई तालीमचा विचार या समितीने मांडला. योजनेचे पुढे काय झाले, हा वेगळा विषय. पण कारागिरी हे ज्ञान आहे, नुसती मेहनत नाही, हे त्या समितीने मान्य केले होते. मामूंची तीन बोटे गेली तरी त्यांचे ज्ञान गेले नव्हते. चार वर्षे ते अंगणात पडून राहिले, कारण ते ज्ञान आहे असे कोणी मानलेच नाही. मालकाने मानले नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही मानले नाही. आम्ही त्यांना धीर दिला, औषध आणून दिले, सबर करा म्हणालो. यंत्र बदलले आहे, चला जाऊन पाहून येऊ, असे आमच्यापैकी कोणी म्हटले नाही. मामी मात्र त्या चार वर्षांत शिलाई मशीनवर बसून घर चालवीत होत्या. या इतिहासात त्यांचाही हात धरला पाहिजे.

आपल्या जबाबदारीचे काय?

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की मुसलमान कामकऱ्यांपैकी शंभरात सुमारे ६१ जण स्वतःच्या धंद्यावर जगतात. हे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. वेल्डर, मेकॅनिक, फिटर, प्लंबर, शिंपी, सुतार ही आपली माणसे. ज्यांना मालक आहे ते बहुधा हंगामी किंवा कागदाविना. ज्यांना मालक नाही त्यांना भरपाई मागायलाही कोणी नाही. हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) आपल्या हातच्या कमाईवर जगत, हे आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो. त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले, हेही ऐकतो. मग लोखंडाने ज्याचा हात मोडला त्याच्यासाठी आपली जमात काय करते?

काही गोष्टी तर आजच करता येण्यासारख्या आहेत. जिनात, कारखान्यात कामाला लागताना हजेरीचा, पगाराचा काहीतरी लेखी पुरावा ठेवावा. अपघात झाला तर त्याच दिवशी तो लिहून कळवावा. भरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो, हंगामी कामगारालाही तो करता येतो. विम्याच्या यादीतून वगळला म्हणजे भरपाईतूनही वगळला, असे नाही. आपल्या माणसांना हा फरक माहीत नसतो आणि 'हंगामी' हा शब्द ऐकून ती गप्प बसतात. मामू गप्प बसले ते असेच. आम्हीही पुस्तके उघडली तोवर दोन वर्षे कधीच उलटून गेली होती.

दुसरे म्हणजे, रमजानमध्ये जखमी माणसाच्या घरी धान्याची पिशवी पोहोचते, हे चांगलेच आहे. पण बैतुलमालातून त्याच्या नव्या हत्याराचा, व्यायामोपचाराचा, नव्या यंत्राच्या शिक्षणाचा खर्च झाला तर पुढच्या रमजानमध्ये तो स्वतः जकात देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहू शकतो. जिनिंगचे शिक्षण देणारे सिरकॉटचे केंद्र नागपुरातच आहे, सेवाग्रामचा मोठा दवाखाना जिल्ह्यातच आहे. त्या दारांपर्यंत माणसाला हाताला धरून नेणारे कोणी नसते.

तिसरी गोष्ट मागण्याची आहे. जिनिंग आज पूर्वीसारखे चार महिन्यांचे काम राहिले आहे काय, कापसाच्या यंत्रापुढे उभा राहणारा माणूस विम्याच्या बाहेर का, हा प्रश्न केवळ मुसलमानांचा नाही. त्या जिनात दलित, कुणबी, तेली, आदिवासी असे सगळ्यांचे हात आहेत. म्हणून तो सगळ्यांनी मिळून विचारायचा आहे.

मामू आज हयात नाहीत. त्यांच्या हाताखाली पाना फिरवणारा तो पोरगा आता स्वतः मिस्त्री झाला आहे. गेल्या हंगामात आम्ही त्याला भेटलो. रोलरजवळ वाकताना त्याने आधी मोटार बंद केली, मग सदऱ्याची बाही कोपरापर्यंत दुमडली आणि आमच्याकडे न पाहताच म्हणाला, "हे मामूंनी शिकवलं." जिनाच्या हजेरीत त्याच्या नावापुढे काय लिहिले आहे, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "हंगामी."